दातवाल्याचा डोळा

आमचे सासरे दात करायचे. डॉक्टर नव्हेत. डॉक्टर दात काढतात, हे दात करायचे. गावातले सगळे दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप यांच्याकडे पाठवायचे आणि हे घराच्या पुढच्या खोलीत बसून मेण, प्लास्टर आणि गुलाबी मसाला यांतून कवळ्या घडवायचे. भिंतीवरच्या फळ्यांवर लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे ओळीने मांडलेले असत. मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी चहा घेऊन त्या खोलीत गेले. चारी भिंतींवरून माणसं माझ्याकडे बघून दात काढताहेत असं वाटलं आणि मी कप तिथेच टेकवून पळाले. मागून सासऱ्यांचा आवाज आला, "घाबरू नकोस सूनबाई, यातला एकही चावत नाही!"

माणूस मोठा ऐटबाज. पन्नाशीला आले तेव्हा त्यांच्या दोन-चार दाढा किडल्या. डॉक्टर म्हणाले, एवढ्या काढू, बाकीचे ठणठणीत आहेत. यांनी बत्तीशीच्या बत्तीशी काढून घेतली! का, तर स्वतः केलेली कवळी स्वतःच्या तोंडात असली की गिऱ्हाईकाचा विश्वास बसतो. पुढे कुणी कवळी टोचते म्हणून कुरकुरत आलं की हे आपली कवळी फटकन काढून टेबलावर ठेवायचे आणि बोळक्या तोंडाने म्हणायचे, "हे बघा. माझेच आहेत. मीच केलेत." गिऱ्हाईक गप्प व्हायचं. सासूबाई मात्र त्या प्रकरणात नवऱ्याशी कित्येक दिवस बोलल्या नव्हत्या. "चांगले दात उपटून घेणारा शहाणा जगात एकच, तो नेमका माझ्या वाट्याला आला," असं त्या अजूनही म्हणतात.

ती ऐट एक दिवस अशी महागात पडेल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

दातांवर बसवायच्या धातूच्या कॅपा ओतल्या की त्यांच्यावर काळा थर चढतो. तो काढायला त्या आम्लात टाकून तापवतात. हे काम करताना डोळ्यांवर चष्मा हवा. आमच्या बाबांचा चष्मा कपाळावर होता, कारण त्याच वेळी त्यांना दाराशी आलेल्या पोस्टमनला त्याची कवळी कशी बसली ते विचारायचं होतं. भांडं तडकलं. मी स्वयंपाकघरातून धावत आले तेव्हा ते नळाखाली डोकं धरून उभे होते आणि पोस्टमन मोठमोठ्याने रडत होता.

दोन्ही डोळे गेले. बुब्बुळांवर पांढरा थर धरला, डोळ्यांतलं पाणी आटलं. इस्पितळात दुसऱ्यांनी दान केलेली बुब्बुळं बसवून पाहिली. पहिल्यांदा बसवली तेव्हा महिनाभर त्यांना खिडकीच्या गजांच्या सावल्या दिसल्या, मग तीही बुब्बुळं दुधाळ झाली. पुन्हा बसवली, पुन्हा तेच. "मागचा पडदा शाबूत आहे, नस शाबूत आहे," डॉक्टर म्हणाले. "पुढची खिडकी तेवढी धरत नाहीये." उजेड आहे की अंधार आहे, एवढं बाबांना कळायचं. त्यावर ते वर्षानुवर्षं जगले.

जगले म्हणजे काय, आम्हाला जगू दिलं नाही! भाजीत मीठ जास्त, रेडिओचा आवाज कमी, खुर्ची कुणी हलवली. दिवसभर त्या पुढच्या खोलीत बसून साच्यांवर बोटं फिरवायचे. हा शाळेचा हेडमास्तर, हा बँकेतला, ही त्याची बायको, हिचा खालचा जबडा पुढे होता. माझा नवरा जवळून गेला की त्यांची कुरकुर वाढायची, कारण मुलाने त्यांचा धंदा घेतला नव्हता. त्याचंही कारण होतं. बाजारात माप घ्यायचा कुठलाही नवा मसाला आला की बाबा तो आधी पोराच्या तोंडात भरून बघायचे. लहानपणभर ती उमासे आणणारी लापशी तोंडात धरून बसल्यावर कोण त्या धंद्यात पाऊल टाकेल? तो लिफ्ट दुरुस्त करायला शिकला. दहाव्या मजल्यावर दोरावर लोंबकळेल, पण दाताच्या डॉक्टरची पाटी दिसली तरी रस्ता बदलेल.

सकाळी पेपर वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. राजकारण नको, खून-दरोडे नकोत. त्यांना हवं असायचं आठवड्याला येणारं नव्या संशोधनाचं पान. ते मी वाचायला लागले की बाबा हातातला साचा खाली ठेवायचे. जन्मतः बहिऱ्या मुलांच्या कानात एक नवा जनुक सोडला आणि ती मुलं हाकेला वळून बघायला लागली. माणसाच्या स्वतःच्या रक्तातल्या पेशी बाहेर काढून त्यांना शिकवून परत सोडलं आणि त्यांनी कॅन्सर हुडकून मारला. वाचा गेलेल्या माणसाच्या मेंदूवर तारा बसवल्या आणि त्याच्या मनातलं वाक्य मशीन बोलून दाखवायला लागलं. प्रत्येक बातमीनंतर त्यांचा एकच प्रश्न ठरलेला, "उंदरावर झालंय की माणसावर?" उंदरावर म्हटलं की "मग बसा वाट बघत." माणसावर म्हटलं की "पुन्हा वाच." मी वाचायला बसायचे त्यांच्यासाठी, पण खरं सांगते, त्या पानाची चटक मलाच लागली. कणीक भिजवता भिजवता मी आपल्या हाताकडे बघत बसायचे. आत एवढी खटपट चालू आहे आणि आपल्याला पत्ताच नाही!

अशाच एका सकाळी मी वाचलं, "दाताच्या मदतीने परत मिळाली दृष्टी."

बाबा म्हणाले, "थट्टा करू नकोस."

"देवाशप्पथ, बाबा. असंच लिहिलंय."

मी पुढे वाचत गेले. ज्यांच्या डोळ्यात बुब्बुळ टिकत नाही त्यांचा सुळा मुळासकट, भोवतालच्या हाडासकट काढतात. त्याची चकती कापतात. तिला भोक पाडून त्यात भिंगाची बारीक नळी बसवतात. मग ती चकती काही महिने गालाच्या कातडीखाली ठेवतात आणि तिच्याभोवती मांस धरलं, रक्त खेळायला लागलं, की उचलून डोळ्यात बसवतात. नुसतं प्लास्टिक शरीर बाहेर ढकलतं. पण दात प्लास्टिकला धरतो आणि शरीर दाताला धरतं. शस्त्रक्रिया जुनीच आहे, आता ती नव्या नव्या ठिकाणी व्हायला लागली आहे, असं लिहिलं होतं.

"दाताला भोक पाडून त्यात नळी चिकटवायची?" बाबा खुर्चीतून उठलेच. "अगं, हे तर आमचं काम! माणसावर झालंय?"

"माणसावर."

त्या दिवशी कित्येक वर्षांनी त्यांनी सासूबाईंना हाक मारून चहा मागितला आणि तो कसा झालाय याबद्दल चकार शब्द काढला नाही.

मोठ्या शहरातल्या इस्पितळात आम्ही चौघं गेलो. डॉक्टरीणबाई ठेंगण्या, बडबड्या, आणि काय सांगतील ते स्वतःच्याच चेहऱ्यावर बोट ठेवून दाखवणाऱ्या. त्यांनी बाबांच्या डोळ्यांत बॅटरी मारली, नसा तपासल्या, यंत्राला डोळे लावायला लावले आणि खूश होऊन म्हणाल्या, "डावा डोळा आतून छान आहे. करता येईल. आता आ करा बघू, सुळा बघू दे."

बाबांनी तोंड उघडलं. मग एक हात तोंडात घालून वरची कवळी काढली, खालची काढली आणि दोन्ही त्यांच्या टेबलावर ठेवल्या.

त्या कवळ्या इतक्या सुबक होत्या की डॉक्टरीणबाईंनी नकळत एक हातात घेऊन उलटसुलट बघितली. आयुष्यभर ज्या कवळ्यांनी गिऱ्हाइकांची तोंडं बंद केली त्यांनी आज यांचंच केलं. सासूबाई काहीतरी बोलणार म्हणून मी धास्तावले होते, पण त्यांनी फक्त नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला.

"आणखी एक वाट आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्ताच्या नात्यातल्या माणसाचा दात. पण आधीच सांगते, स्वतःच्या दातासारखा तो नसतो. शरीराने त्याला हाकलू नये म्हणून औषधं घ्यावी लागतील. तरीही तो हळूहळू झिजू शकतो. काही वर्षं टिकेल, किती ते मी सांगू शकत नाही. आणि उलटलंच, तर आज जो उजेड कळतो तोही जाईल."

रक्ताच्या नात्यातला माणूस म्हणजे कोण हे सांगायची गरज नव्हती. माझा नवरा दाराला टेकून उभा होता आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नको," बाबा म्हणाले. "चला घरी."

घरी आल्यावर रणकंदन झालं. मी आजवर या दोघांना एकमेकांशी पाच मिनिटं सलग बोलताना पाहिलं नव्हतं, त्या संध्याकाळी घर दणाणलं.

"सुळा म्हणजे तोंडाचा खांब असतो," बाबा म्हणत होते. "तो काढला की ओठाचा कोपरा खचतो. हाडासकट काढणार आहेत ते. जन्मभर मी लोकांच्या तोंडातले खड्डे बुजवले, आणि आता स्वतःच्या मुलाच्या तोंडात पाडू?"

"दात माझा आहे."

"आणि तो किती टिकेल याची खात्री नाही! उद्या झिजला तर तुझा दातही गेला आणि माझा डोळाही."

"तुम्ही तुमचे सगळे काढून घेतलेत, तेव्हा मला विचारलं होतंत?"

बाबांची दातखिळीच बसली. माझा नवरा भांडून झाल्यावर नेहमी करतो तेच त्याने केलं, स्क्रूड्रायव्हर घेऊन पंखा दुरुस्त करायला बसला. पंखा चांगला चालू होता.

दुसऱ्या दिवशी कामावर जातो सांगून तो इस्पितळात गेला आणि रक्त देऊन आला. तिथून जुळत असल्याचा फोन आला तो नेमका सासूबाईंनी घेतला. त्यांनी ओरडावं की रडावं हे त्यांना कळेना. मग त्यांनी नवऱ्यालाच दटावलं, "तो द्यायला निघालाय आणि तुम्ही घेत नाही. माज कुठला हा?" तरी बाबा हटून बसले. आम्ही दातांच्या कण्या केल्या. शेवटी सासूबाईंच्या आग्रहाखातर नुसतं समजून घ्यायला म्हणून ते पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे यायला तयार झाले.

तिथे सासूबाईंनी एक प्रश्न विचारला. त्यांना खरं म्हणजे एवढंच विचारायचं होतं, की हा दुधाचा दात पडून नंतर आलेला, मग पक्का असेल ना? डॉक्टरीणबाईंनी सहज सांगितलं, "पक्काच. आणि नंतर आला म्हणता, पण त्याची सुरुवात तुमच्या पोटातच झालीय. कायमच्या पुढच्या दातांचे अंकुर बाळ आईच्या पोटात असतानाच धरतात. वर यायला मग वर्षं लागतात."

सासूबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "म्हणजे हा सुळा... माझ्या पोटात?"

"हो. त्याचा अंकुर."

मीही तोंडात बोट घातलं. माझ्या शेजारी बसलेल्या या चांगल्या उंचापुऱ्या लिफ्टवाल्याचा दात, याला नाव नव्हतं, याचा चेहरा कुणी पाहिला नव्हता, तेव्हा एका बाईच्या पोटात कुठेतरी टाचणीच्या टोकाएवढा धरून बसला होता. आणि ती बाई त्या वेळी बहुधा डबे घासत असेल, नाहीतर पाय सुजले म्हणून तक्रार करत असेल. ते संशोधनाचं पान मी एवढी वर्षं वाचलं, पण इतकं माझ्या अंगावर कधी आलं नव्हतं.

सासूबाई नवऱ्याकडे वळल्या. "ऐकलंत ना? हा दात मी केलेला आहे. तुमच्यासारखी दोन वर्षांची गॅरंटी नाही देत मी. मुकाट्याने घ्या."

बाबांनी दोन्ही हातांनी आपला चेहरा पुसला. त्या डोळ्यांना पाणी येत नव्हतं, तरी पुसला. म्हणाले, "बरं."

शस्त्रक्रियेच्या सकाळी दोघांना एकाच वेळी आत न्यायचं होतं. बाबा शांत होते, नर्सला तिची पुढची फट बुजवून हवी असेल तर सांग म्हणत होते. माझा नवरा हातात सुई टोचायच्या आधीच, नुसता तो ट्रे बघून, कॉरिडॉरमध्ये आडवा झाला. दोन वॉर्डबॉयनी त्याला उचलून स्ट्रेचरवर घातलं. बाबांनी विचारलं, "काय पडलं?" सासूबाई म्हणाल्या, "काही नाही, तुमचा डोळा पडला." मी हसले आणि हसता हसता भिंतीला धरून रडले, कारण शुद्धीवर आल्यावर तो पहिलं वाक्य बोलला ते, "चला, न्या आत."

त्यानंतरचे महिने मी कसे सांगू? माझ्या नवऱ्याचा दात माझ्या सासऱ्यांच्या डोळ्याखाली, गालात होता. बाहेरून पाहिलं तर गालात खडीसाखर धरावी तसा छोटा उंचवटा. दिवसातून तीनदा औषधं. घरात कुणी शिंकलं तरी सासूबाई त्याला अंगणात काढायच्या. मी सकाळी पेपर वाचायला बसले की माझी नजर त्या उंचवट्यावर जायची आणि बातमीतलं वाक्य अर्धं राहायचं. तिथे काही दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. पण तिथे एका माणसाच्या बारीक रक्तवाहिन्या दुसऱ्या माणसाच्या हाडाकडे सरकत होत्या. कुणी त्यांना वाट दाखवली नव्हती. मी देवाला हात जोडणारी बाई नव्हे, पण त्या गालासमोर जोडावेसे वाटायचे.

बाबांना मात्र भीतीने घेरलं होतं. ते बोलून दाखवत नसत, पण उजेड यायला लागला की खिडकीशी जाऊन बसायचे आणि अंधार पडेपर्यंत हलायचे नाहीत. उद्या हेही जाणार असेल तर आज बघून घ्यावं, असं ते माझ्याजवळ एकदाच म्हणाले. आणि माझ्याकडे तोंड न वळवता पुढे म्हणाले, "डोळा नाही मिळाला तर मी सोसेन गं. पण त्याचा दात फुकट गेला तर मी त्याच्यासमोर कसा बसू?"

मग गालातून ती चकती निघाली आणि डोळ्यात बसली. ती शस्त्रक्रिया इतकी लांबली की सासूबाईंनी बाकावर बसून सगळ्या देवांची नावं संपवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

पट्टी सोडायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी खोलीचे पडदे अर्धे ओढले. डोळा आता डोळ्यासारखा दिसणार नाही हे त्यांनी आधीच बजावलं होतं. तरी मी दचकले. पांढरं नाही, काळं नाही, वर गालाच्या आतली कातडी लावलेली, म्हणून सगळीकडे तिचंच गुलाबी आणि मधोमध एक बारीक काळा ठिपका. बाबा हलेनात.

"पडद्याला चट्टेपट्टे आहेत," बाबा म्हणाले.

मी पडद्याकडे पाहिलं. होते.

डॉक्टरीणबाईंनी बोटं धरली, त्यांनी मोजली. बारीक फटीतून बघावं तसं त्यांना दिसत होतं, म्हणून ते सबंध मान फिरवून बघत होते. मान सासूबाईंपाशी येऊन थांबली. बघत राहिले, बघत राहिले.

"काय बघताय?" सासूबाईंनी पदराशी चाळा करत विचारलं.

"केस कधी पिकले गं तुझे?"

"तुमची बडबड ऐकून," त्या म्हणाल्या आणि पदर डोक्यावरून ओढून घेतला.

माझा नवरा खोलीच्या कोपऱ्यात, दाराच्या मागे उभा होता. इतक्या महिन्यांत त्याने काढलेल्या सुळ्याची जागा तशीच रिकामी ठेवली होती. दुसरा दात बसवून घे म्हणून मी त्याच्या मागे लागून थकले होते. हसताना तोंडावर हात धरायचा, पण कुणाकडे जायला तयार नव्हता. मला वाटायचं, दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीची भीती.

बाबांची मान हळूहळू वळत त्याच्यापर्यंत पोचली. "इकडे ये," ते म्हणाले. "उजेडात. आ कर."

तो आला, त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि एवढे महिने याचीच वाट बघत असल्यासारखा त्याने आ केला. बाबांनी त्याची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला आणि तो गुलाबी डोळा जवळ नेला. वरचा ओठ अंगठ्याने उचलला. डावीकडे, दातांच्या ओळीत, हिरडी भरून आलेला खड्डा होता. त्यांनी त्यात तर्जनी ठेवली. एवढ्या साच्यांवर फिरलेलं ते बोट त्या खड्ड्याच्या कडेकडेने फिरलं.

"म्हणजे मी इथून बघतोय?" त्यांनी विचारलं.

याला बोलता येत नव्हतं, तोंडात बापाचं बोट होतं. त्याने तसंच आ करून मान हलवली.